व्हर्लिन टेटचे बारा गुण

लॅम्बर्ट ह्रुस्का खोटं बोलला हे गावात सगळ्यात आधी मला कळलं, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसलो. त्याने काय केलं ते चार वाक्यांत सांगून होईल. मी काय केलं ते सांगायला मात्र धीर गोळा करावा लागतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

मी न्हावी. अ‍ॅश्टाब्युलात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे, एक खुर्ची आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. माझं नाव क्लेटन पर्विस, पण मला क्लेटन म्हणणारी एकच बाई होती आणि ती बहात्तर साली क्लीव्हलंडला निघून गेली. तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. लॅम्बर्ट दर तिसऱ्या बुधवारी दुपारी दोन वाजता यायचा. एकतीस वर्षं तो बंदरावर कोळशाच्या रेल्वे-वाघिणींचं वजन करत होता. भरलेली वाघीण काट्यावर आली की हा आकडा सांगायचा, आणि तो आकडा जहाजवालाही मानायचा, खाणवालाही आणि रेल्वेवालाही. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं ती, पण लॅम्बर्टचा आकडा म्हटला की गप्प.

आमचा सहा जणांचा खेळ होता. होता कशाला म्हणू, अजून आहे. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही टेबलावर बेसबॉल खेळायचो, फासे आणि कार्डं घेऊन. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं आणि त्याने गेल्या मोसमात जे केलं ते त्या कार्डात उतरवलेलं असतं. फासे तीन. पांढऱ्या फाशाने रकाना ठरतो, दोन लाल फाशांच्या बेरजेने ओळ ठरते, आणि तिथे लिहिलेलं असतं की गडी बाद झाला की होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. लोक हसतात आम्हाला. माझ्या खुर्चीत बसून, गळ्याला माझाच कपडा गुंडाळून हसतात. पोरखेळ म्हणतात. मी त्यांचे कल्ले एकसारखे कापतो की नाही, ते माझ्या मनावर असतं.

दर फेब्रुवारीत टपालाने नवी कार्डं आली की त्यांची किंमत ठरवणं हे लॅम्बर्टचं काम. नवखा माणूस दोनच्या आणि बाराच्या ओळीत होमरन बघतो आणि नाचायला लागतो. अरे बाबा, दोन्ही लाल फाशांवर एक पडला तरच बेरीज दोन येणार. त्याला एकच वाट. सात यायला सहा वाटा, दहा यायला तीन. असं करत एका रकान्यात छत्तीस वाटा, तीन रकान्यांत एकशे आठ. लॅम्बर्ट त्या एकशे आठही वाटा मोजायचा. एकेरी फटका किंवा वाईट चेंडू सोडून दिल्यावर फुकट मिळालेली बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, याला एक गुण, दुहेरीला दोन, होमरनला चार. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या फलंदाजाची किंमत. दरवर्षी दीडशे फलंदाज, आणि कुठल्याही बेरजेवर कुणी कधी बोट ठेवलं नाही.

आता एक नियम सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आदल्या वर्षीचे चार खेळाडू आपल्याकडे ठेवता येतात. पण ज्याचं कार्ड ऐंशी किंवा त्याहून जास्त गुणांचं निघेल, त्याला ठेवता येत नाही. तो परत सगळ्यांच्या ढिगात जातो आणि शेवटच्या नंबरवर आलेला माणूस पहिली निवड करतो. एकाच्याच घरी दिवाळी नको म्हणून केलेला नियम. आणि ऐंशी की एकोणऐंशी, हे ठरवणार लॅम्बर्ट.

लॅम्बर्ट आणि त्याची बायको आर्डिथ, असं म्हणायला हवं खरं तर. तो कार्ड वरून खाली मोजायचा, दोनपासून बारापर्यंत. मग ती तेच कार्ड खालून वर मोजायची, बारापासून दोनपर्यंत. दोघं एकाच दिशेने मोजत गेले की एकाच खड्ड्यात पडतात, असं तिचं म्हणणं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायचे, मधे साखरेचं भांडं. आकडे जुळले नाहीत की ती म्हणायची, "चुकलास. पुन्हा मोज." मी कितीदा ऐकलंय ते. फेब्रुवारीत त्यांच्या घरी गेलं की कॉफी मिळायची, अक्रोडाची गोड गुंडाळी मिळायची आणि हे भांडण फुकट ऐकायला मिळायचं. टंकलेल्या यादीच्या शेवटी दोन ओळी असत. मोजणी: लॅम्बर्ट ह्रुस्का. पडताळणी: आर्डिथ ह्रुस्का. खाली दोघांच्या सह्या.

व्हर्लिन टेट हा आर्डिथने निवडलेला गडी. एकोणऐंशी साली त्याला कुणी विचारत नव्हतं. किंमत बावन्न. लॅम्बर्ट दुसऱ्या कुणाला तरी घेणार होता. ती म्हणाली, "याच्या पहिल्या रकान्यात सातच्या ओळीला फुकट बेस आहे बघ. या माणसाला घाई नाही. मला आवडला." झालं. तेव्हापासून व्हर्लिन त्यांच्याकडे. रविवारी ती हॉलमध्ये विणकाम घेऊन बसायची, आणि व्हर्लिनची पाळी आली की सुया खाली ठेवून हात पुढे करायची. लॅम्बर्ट निमूटपणे फासे तिच्या हातावर ठेवायचा. आमच्यात दुसऱ्याच्या फाशांना हात लावायचा नाही असा दंडक आहे, पण आर्डिथला कोण बोलणार? आठ वर्षं व्हर्लिन त्यांच्याकडे होता. कधी सत्तावन्न, कधी एकसष्ट, एकदा तर एकोणपन्नास. ऐंशीच्या आसपास फिरकला नाही, म्हणून टिकला.

चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात आर्डिथ गेली. मुलगा अ‍ॅरिझोनाहून आला, चार दिवस राहिला, बापाला एक मोठा टीव्ही घेऊन दिला आणि परत गेला. पुढच्या फेब्रुवारीत लॅम्बर्टची यादी नेहमीच्या दिवशी आली. खाली 'मोजणी' पुढे त्याची सही होती. 'पडताळणी' हा शब्द टंकलेला होता आणि पुढे कोरं होतं. आम्ही पाचही जणांनी ते पाहिलं. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे माणसं असं काही विचारत नाहीत. अंगणातला बर्फ उपसून देतील, पायरी दुरुस्त करून देतील, पण विचारायचं म्हटलं की जिभेला टाके पडतात. पुढच्या वर्षीही तसंच. मग डोळ्यांना सवय झाली.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात व्हर्लिन टेटला काय झालं देव जाणे. तेहेतीस वर्षांचा गडी, पाठ धरलेली, लोक त्याला निवृत्त हो म्हणत होते, आणि तो अचानक चेंडू मैदानाबाहेर टोलवायला लागला. रोज रेडिओवर त्याचंच नाव. लॅम्बर्ट बुधवारी खुर्चीत बसला की पहिलं वाक्य तेच.

"क्लेट, काल पुन्हा मारला त्याने."

"ऐकलं. तिसावा."

"एकतिसावा." मग आरशात बघत म्हणाला, "आता बास करावं त्याने."

बाकड्यावर हॉबर्ट फिंच बसला होता. हा आमच्या सहांतला एक, ट्रक चालवतो आणि त्याच्या जिभेला हाड नाही. तो पेपरच्या मागून म्हणाला, "आपलाच खेळाडू, आणि त्याने होमरन मारू नये म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस मी आजच बघितला."

"साकडं नाही घातलं," लॅम्बर्ट म्हणाला.

"मग मेणबत्ती लावली असशील."

"एकच लावली," लॅम्बर्ट म्हणाला, अगदी गंभीरपणे.

हॉबर्ट इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. लॅम्बर्टही थोडा हसला असेल, पण त्याच्या मानेवरून माझा वस्तरा फिरत होता आणि ती मान दगडासारखी होती. व्हर्लिनने आणखी चार-पाच मारले की कार्ड ऐंशीच्या वर जाणार, ढिगात पडणार, आणि पहिली निवड त्या वर्षी हॉबर्टचीच असणार, कारण शेवटचा नंबर त्याने कुणाला द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मोसम संपला तेव्हा व्हर्लिनचे बेचाळीस झाले होते. आठ वर्षं त्या म्हाताऱ्याने गड्याचं भलं चिंतलं, आणि भलं झालं ते असं.

मार्चचा पहिला रविवार हा आमचा खेळाडू ठेवण्याचा दिवस. हॉलमध्ये कॉफी ठेवली होती आणि हॉबर्ट यादी मोठ्याने वाचत होता. व्हर्लिनच्या नावाशी आला आणि थांबला.

"टेट, व्हर्लिन. एकोणऐंशी." त्याने पुन्हा पाहिलं. "एका गुणाने वाचलास की रे लॅम्बर्ट!"

"बेचाळीस होमरन मारून एकोणऐंशीच?" कुणीतरी विचारलं.

"काट्यावरचा माणूस एकोणऐंशी म्हणतो ना? मग एकोणऐंशी," हॉबर्ट म्हणाला. "काय करणार, माझंच नशीब फुटकं. मेणबत्ती पावली याला."

लॅम्बर्टने खिशातून व्हर्लिनचं कार्ड काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. "कुणाला मोजायचं असेल तर हे घ्या."

"कशाला रे? कॉफी घे, गार होतेय," हॉबर्ट म्हणाला आणि पुढचं नाव वाचायला लागला.

कार्ड तिथे तसंच पडून राहिलं. लॅम्बर्टने आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. मला वाटलं, आनंद झालाय बिचाऱ्याला. मग त्याने कार्ड उचललं आणि आपल्या खोक्यात ठेवलं.

सगळ्यांची खोकी रविवार ते रविवार माझ्या दुकानातल्या कपाटात असतात. मोजणी झाली की कार्डं हॉल आणि दुकान सोडून कुठे न्यायची नाहीत, हाही एक दंडक. त्या आठवड्यात गुरुवारी बर्फ पडला. दुपारभर एकही डोकं आलं नाही. करायला काही नव्हतं म्हणून मी लॅम्बर्टचं खोकं काढलं आणि व्हर्लिनचं कार्ड हातात घेतलं. उगाच. बेचाळीस होमरनचं कार्ड कसं दिसतं ते बघावं म्हणून.

मोजायला लागलो. सतरा वाटा फुकट बेसच्या, अठरा एकेरी, सहा दुहेरी, अकरा होमरन. बेरीज आली एक्क्याण्णव. मला वाटलं, माझंच गणित कच्चं. पुन्हा मोजलं, पुन्हा एक्क्याण्णव. मग पेन्सिल घेऊन पावतीच्या मागे ओळीओळीने लिहिलं. तिसऱ्या रकान्यात दहाच्या ओळीला होमरन होता. दहाला तीन वाटा, प्रत्येकीला चार गुण, म्हणजे बारा. एक्क्याण्णवातून बारा गेले की एकोणऐंशी. एवढी एकच ओळ गाळली होती. बाकी सगळं चोख. ऐंशीच्या खाली यायला गाळता येईल अशी सगळ्यात लहान ओळ नेमकी तीच होती.

चूक अशी नेमकी होत नाही. ज्या माणसाने एकतीस वर्षांत कोळशाच्या एका पौंडाचंही इकडचं तिकडे केलं नाही, त्याने एका खेळातल्या कार्डापायी खोटा आकडा लिहिला. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला आठवले ते विणकामाच्या सुया खाली ठेवून पुढे केलेले हात. म्हटलं, जाऊ दे. कुणाचं काय बिघडतंय? हॉबर्टचं बिघडतंय, पण हॉबर्टकडे बायको आहे, तीन पोरं आहेत, कुत्रा आहे. पावती फाडून टाकली, कार्ड जागेवर ठेवलं आणि घरी गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. आपण किती मोठ्या मनाचे, असं वाटत होतं.

मार्चच्या शेवटी सामने सुरू झाले. पहिल्या रविवारी लॅम्बर्टने आपला संघ मांडला, आणि व्हर्लिन टेट त्यात नव्हता.

"बाकावर बसवलास त्याला?" हॉबर्ट ओरडला. "बेचाळीसवाल्याला?"

"पाठ दुखतेय त्याची," लॅम्बर्ट म्हणाला.

सगळे हसले. दुसऱ्या रविवारीही पाठ दुखत होती. तिसऱ्या रविवारी कुणी हसलं नाही, विचारलंही नाही. लॅम्बर्ट तिन्ही सामने हरला. चौथ्या रविवारी तो आलाच नाही. खोकला झालाय म्हणून निरोप आला. पाचव्यालाही खोकला. त्याच्या बुधवारी दोन वाजता मी खुर्ची पुसून ठेवली, कपडा झटकून ठेवला. अडीचला दुसऱ्या माणसाला बसवलं. मग कपाट उघडून त्याचं खोकं पाहिलं तर त्यात व्हर्लिनचं कार्ड नव्हतं.

तरीही मी लगेच गेलो नाही. आणखी दोन आठवडे घालवले. खोकला म्हटलाय तर खोकला असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. त्याचे केस किती वाढले असतील हा विचार मात्र डोक्यातून जाईना. शेवटी मेमधल्या एका सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, कात्री-वस्तऱ्याची पिशवी घेतली आणि दुपारी त्याच्या घरी गेलो.

दार उघडलं तेव्हा मला धक्का बसला. केस कानांवर आले होते आणि शर्टाची बटणं वरखाली लागली होती. खोकला बिकला काही नव्हता. स्वयंपाकघरात रविवारचे सहा पेपर घडी न मोडता रचून ठेवलेले होते. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. साखरेच्या भांड्याला टेकवून व्हर्लिनचं कार्ड उभं केलं होतं, तोंड रिकाम्या खुर्चीकडे.

"कार्ड बाहेर आणायचं नाही, माहीत आहे मला," तो म्हणाला. "त्यासाठी आलायस ना?"

"तुझं डोकं भादरायला आलोय. बस तिथे."

मी कापायला सुरुवात केली. मागून बोलणं मला सोपं जातं. सगळा जन्म मी माणसांच्या डोक्यामागे उभं राहूनच बोललोय.

"खेळवत का नाहीस त्याला?" मी विचारलं.

"एकोणऐंशीचा नाही तो."

माझी कात्री थांबली. "माहीत आहे मला," मी म्हणालो. "एक्क्याण्णवचा आहे. तिसऱ्या रकान्यात दहाची ओळ."

तो अर्धवट कापलेल्या केसांनिशी वळला. "तू मोजलंस?"

"हो."

"कधी?"

"मार्चमध्ये. ज्या रविवारी हॉलमध्ये यादी वाचली, त्याच आठवड्यात."

मला वाटलं होतं तो खजील होईल, किंवा सुटल्यासारखा होईल, आणि मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवीन. तो भडकला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"मग बोलला का नाहीस?"

"अरे, तुझ्यासाठीच गप्प बसलो. म्हटलं राहू दे तुझ्याकडे. आर्डिथचा—"

"तिचं नाव घेऊ नकोस. दोन महिने, क्लेट. दोन महिने मी वाट बघतोय. कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं मी. पाच माणसं बसला होता तुम्ही. एकाने तरी उचलायचं होतं."

"आमचा तुझ्यावर विश्वास आहे, म्हणून—"

"विश्वास!" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "ती असती तर त्याच संध्याकाळी पकडलं असतं मला. म्हणाली असती, चुकलास, पुन्हा मोज. तीन हिवाळे झाले क्लेट, मी काहीही लिहितो आणि तुम्ही माना डोलावता. पडताळणी कोरी आहे हे कुणाला दिसलंसुद्धा नाही."

"दिसलं," मी म्हणालो. "सगळ्यांना दिसलं."

हे मी बोलायला नको होतं, पण खरं तेच होतं. तो पुन्हा समोर वळला. त्याच्या गळ्याभोवतीच्या कपड्यावर पांढरे केस पडले होते, आणि त्याचे खांदे हलत होते. मी कात्री हातात धरून मागे उभा होतो. सांत्वन करायला मला कुणी शिकवलेलं नाही. कपडा काढावा की ठेवावा तेही सुचेना. मार्चमधला माझा तो मोठेपणा आठवला आणि लाज वाटली. त्या माणसाला कुणीतरी हाक मारायला हवी होती, आणि मी त्याच्यावर उपकार करत होतो.

डोक्याची दुसरी बाजू कापून झाल्यावर मी कपडा झटकला आणि समोरच्या खुर्चीकडे गेलो.

"तिथे नको," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बरं, बस."

मी व्हर्लिनचं कार्ड माझ्याकडे वळवलं. "वरून खाली तू मोज. मी खालून."

त्याने मोजलं, मोठ्याने, दोनपासून बारापर्यंत. मी बारापासून वर चढत गेलो. मला वेळ लागला, तो थांबला. तिसऱ्या रकान्यात दहाच्या ओळीवर मी बोट ठेवून म्हणालो, "होमरन. तीन वाटा. बारा गुण."

"बारा," तो म्हणाला.

"एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव."

त्याने यादी काढली, एकोणऐंशीवर काट मारली आणि शेजारी खरा आकडा लिहिला. मग कागद माझ्यापुढे सरकवला. कोऱ्या ओळीवर मी सही केली. आर्डिथच्या जागी माझं नाव विचित्र दिसत होतं, अक्षरही वाईट. तो बघत राहिला आणि म्हणाला, "तारीख घाल."

रविवारी त्याने हॉलमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. कारण सांगितलं नाही, फक्त ओळ सांगितली आणि ती आपण मुद्दाम गाळली हे सांगितलं. सगळे बुटांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "एवढंच ना? अरे, ठेव तुझ्याकडे. कोण विचारतंय?"

"तेच तर," लॅम्बर्ट म्हणाला. "कुणीच विचारत नाही."

मी मनात म्हणत होतो, हॉबर्ट, आज एकदा तरी माणसासारखा वाग, नको म्हण. हॉबर्टने खुर्ची मागे सारली, टेबलाला वळसा घालून आला आणि हात पुढे केला.

"दे इकडे. पहिली निवड माझी. आणि पुढच्या रविवारी माझा सामना तुझ्याशी आहे, खोकलाबिकला चालणार नाही. आला नाहीस तर ट्रक घेऊन दारात उभा राहीन."

लॅम्बर्टने कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. हॉबर्टने ते खिशात कोंबलं नाही. खाली बसून त्याने ते दोन्ही हातांत धरलं आणि ओठ हलवत मोजायला लागला. सगळ्यांसमोर, बोटं घालून, अडखळत. त्याला दहा मिनिटं लागली. लॅम्बर्ट तोपर्यंत उभाच होता.

"एक्क्याण्णव," हॉबर्ट शेवटी म्हणाला. "बरोबर आहे."

मग लॅम्बर्ट बसला. पुढच्या रविवारी व्हर्लिनने त्याच्याविरुद्ध दोन होमरन मारले. घरी जाताना लॅम्बर्ट कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालला आणि तिथे थांबला.

"बाकीची एकशे एकोणपन्नास कार्डं राहिलीत," तो म्हणाला. "ती कुणी तपासलेली नाहीत. आधीच्या दोन वर्षांची तर सगळीच."

"संपलेल्या मोसमांची तपासून काय करायचंय?"

"चुकीची असतील तर?"

आता बुधवारी दुकान बंद केलं की मी त्याच्याकडे जातो. कॉफी पाणचट असते आणि अक्रोडाची गुंडाळी त्याला जमत नाही. तो कमी बोलतो, मी गावाच्या चुगल्या सांगतो, त्या तो ऐकत नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसलं की खिडकीतून बंदरावरच्या काट्याचा जुना खांब दिसतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. बऱ्याचदा आम्ही दोघंही गप्प मोजत असतो आणि घर रिकामं वाटतं ते वाटतंच, दोन माणसं बसलेली असली तरी.

पहिल्याच बुधवारी चौथ्या की पाचव्या कार्डाला मी बहात्तर म्हणालो. त्याने मान वर केली नाही.

"चुकलास. पुन्हा मोज."

ती बाई क्लीव्हलंडला गेली, त्या बहात्तर सालापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बाराच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.